खिशातला ठराव

१७ मार्च १९१०, सेंट पॅट्रिकचा सण. वॉशिंग्टनमधले बरेचसे रिपब्लिकन प्रतिनिधी मेजवान्यांना गेलेले आणि प्रतिनिधिगृहात हजेरी जेमतेम. जनगणनेचं एक विधेयक बाकीचं कामकाज बाजूला सारून पुढे घ्यायचं होतं. त्यासाठी सभापती जोसेफ कॅनन यांच्या गोटातून युक्तिवाद झाला की, जनगणना राज्यघटनेनेच सांगितली आहे, म्हणून तिला अग्रक्रम मिळायला हवा. सभागृहाने तो मान्य केला. तेवढ्यात नेब्रास्काचा एक प्रतिनिधी उभा राहिला. प्रत्येक सभागृहाने आपले नियम आपणच करावेत, हेही राज्यघटनेतच लिहिलं आहे, तेव्हा नियमांबद्दलच्या ठरावालाही तोच अग्रक्रम मिळाला पाहिजे, असं म्हणून त्याने कोटाच्या खिशातून एक चुरगळलेला कागद काढला. ही संधी येईल म्हणून बरेच दिवस जपलेला. सभापतींना नियम समितीतून बाहेर काढावं, असं त्या कागदावर लिहिलं होतं.

या प्रतिनिधीचं नाव जॉर्ज नॉरिस. वय अठ्ठेचाळीस, पेशाने वकील, आधी जिल्हा न्यायाधीश, आणि विशेष म्हणजे कॅनन यांच्याच रिपब्लिकन पक्षाचा.

कॅनन यांच्या सत्तेची कल्पना आज येणं कठीण आहे. समित्यांवर कोणाला घ्यायचं ते तेच ठरवत. कोणतं विधेयक कधी चर्चेला येईल हे ठरवणारी नियम समिती पाच जणांची आणि तिचे प्रमुख कॅनन स्वतः. बोलायला उभ्या राहिलेल्यांपैकी कोणाला संधी द्यायची तेही त्यांच्याच मर्जीवर. नॉरिस १९०३ मध्ये सभागृहात आला तेव्हा त्याला सार्वजनिक इमारतींच्या समितीवर टाकलं होतं. या अधिवेशनात इमारतींचं विधेयक आणायचं की नाही, एवढ्या साध्या प्रश्नावरसुद्धा समितीतली जाणती मंडळी म्हणाली, सभापतींना विचारून येऊ. समिती म्हणजे काय, ते नवख्या सदस्याला त्या दिवशी कळलं.

नॉरिसच्या ठरावावर गुरुवारी सुरू झालेली झुंज रात्रभर आणि पुढेही चालली. कॅनन निर्णय लांबवत राहिले, कारण गैरहजर माणसं परत आणायची होती. शनिवारी, १९ मार्चला, त्यांनी ठराव नियमबाह्य ठरवला. सभागृहाने त्यांचा निर्णय १८२ विरुद्ध १६२ मतांनी फिरवला आणि दुरुस्त केलेला ठराव १९१ विरुद्ध १५६ ने मंजूर केला. नियम समिती दहा जणांची झाली, तिचे सदस्य सभागृहाने निवडायचे आणि सभापतीला तिथे जागा नाही, असं ठरलं. मात्र कॅनन यांना सभापतिपदावरून हटवण्याची सूचना लगेच आली, ती फेटाळली गेली.

नॉरिसची ओळख बहुतेकांना टेनेसी खोऱ्यातल्या धरणांमुळे आहे. पण प्रतिनिधिगृहातली दहा आणि सेनेटातली तीस अशी त्याची चाळीस वर्षांची कारकीर्द एका नजरेत घेतली, तर धरणांइतकीच एक वकिली खोड डोळ्यात भरते. कोणत्याही प्रश्नाला हात घालताना तो आधी निर्णय कुठल्या खोलीत होतो, त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते आणि दार कधी उघडतं ते बघायचा. धोरणावरचं भांडण त्यानंतर. त्याचं यश या पद्धतीतून आलं आणि तिच्या मर्यादाही त्याला चुकल्या नाहीत.

कॅनन प्रकरणाचंच पुढे काय झालं ते बघा. १९११ मध्ये डेमोक्रॅटिक पक्ष बहुमतात आला आणि समित्या नेमण्याचा अधिकारही सभापतींकडून गेला. हळूहळू रिवाज असा पडला की, जो सर्वांत जुना तो समितीचा प्रमुख. एका माणसाची हुकूमत गेली आणि डझनभर म्हाताऱ्यांची आली. त्यात दक्षिणेतल्या हमखास मतदारसंघांतले सदस्य वर्षानुवर्षं निवडून येत, म्हणून बऱ्याच समित्या त्यांच्याच ताब्यात गेल्या. नॉरिसने सभापतींपासून सोडवलेली नियम समिती १९५५ नंतर व्हर्जिनियाच्या हॉवर्ड स्मिथ या वकिलाच्या हाती आली. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचं विधेयक समोर आलं की हा गृहस्थ बैठकच बोलवायचा नाही. १९५७ मध्ये आपल्या शेतावरचं कोठार जळालं म्हणून तो गावी निघून गेला होता. अखेर १९६१ मध्ये सॅम रेबर्न या सभापतींना ती समिती बारावरून पंधरा सदस्यांची करून घ्यावी लागली, आणि तेही २१७ विरुद्ध २१२ अशा काठावरच्या मतांनी. सभापतींना बाहेर ठेवण्यासाठी १९१० मध्ये लढाई झाली होती. पन्नास वर्षांनी सभापतींनाच आत शिरण्यासाठी लढावं लागलं.

हा माणूस घडला कुठे? जन्म १८६१ चा, ओहायोतल्या क्लाइड गावाजवळ, शेतकऱ्याच्या घरात. तो जेमतेम तीन वर्षांचा असताना थोरला भाऊ यादवी युद्धात कामी आला आणि त्याच वर्षी वडीलही गेले. आईने शेती सांभाळून पोरं वाढवली. शाळेत शिकवत शिकवत त्याने इंडियानातल्या व्हॅलपरायझो इथे कायद्याची पदवी घेतली आणि १८८५ मध्ये नेब्रास्का गाठलं. बीव्हर सिटी या लहानशा गावात वकिली सुरू झाली. त्या काळी तिथल्या वकिलाची मिळकत मुख्यतः गहाण जमिनींची आणि रेल्वे कंपन्यांच्या कामांची, नॉरिसचीही तशीच. मग १८९० च्या दशकातला दुष्काळ आला. त्याच दशकात तो न्यायाधीश झाला. त्याच्यासमोर जप्तीचे आणि लिलावाचे खटले रांगेने येत. शेतकरी प्रामाणिकपणे फेडू बघतो आहे असं दिसलं, की तो कायद्याने मिळणाऱ्या प्रत्येक सवडीचा वापर करून लिलावावर शिक्का मारणं लांबवायचा. कायदा बदलण्याचा अधिकार न्यायाधीशाला नव्हता. तारीख पुढे ढकलण्याचा होता, आणि तारखेत किती ताकद असते ते तो तिथे शिकला असावा.

१९१३ मध्ये तो सेनेटात गेला. चार वर्षांत त्याने अशी भूमिका घेतली की कारकीर्दच संपायची. फेब्रुवारी आणि मार्च १९१७ मध्ये व्यापारी जहाजांवर तोफा बसवण्याचं विधेयक काही सेनेटरांनी लांबलचक भाषणांनी अडवून धरलं. नॉरिस त्यांत होता. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी या हट्टी टोळक्याला जाहीरपणे झोडपलं, आणि चर्चा बंद करण्याचा नियम सेनेटाने लगोलग केला. नॉरिसने नेब्रास्काच्या गव्हर्नरला लिहिलं, खास निवडणूक घ्या, लोकांना मी नको असेन तर घरी जातो. गव्हर्नरने नकार दिला. मग नॉरिस लिंकन शहरातल्या भरल्या सभागृहात एकटा जाऊन उभा राहिला आणि लोकांना आपली बाजू पटवून परतला. ४ एप्रिलला युद्धाच्या ठरावावर सेनेटात ८२ विरुद्ध ६ मतं पडली, त्या सहांत तो होता. धनकोंच्या सोन्यापायी देश युद्धात ओढला जातो आहे, असं तो त्या दिवशी बोलला. देशद्रोहाचा आरोप त्याच्यावर उघड उघड झाला, तरी पुढच्या वर्षी नेब्रास्काने त्याला पुन्हा निवडून दिलं. जवळजवळ पंचवीस वर्षांनी जपानविरुद्धच्या युद्धाला मात्र त्याने पाठिंबा दिला. तो काही शांततेचा व्रतस्थ नव्हता.

आता विजेकडे. कथा सुरू होते ती टेनेसीपासून दूर, कॅलिफोर्नियातल्या हेच हेची खोऱ्यात. सॅन फ्रान्सिस्कोला पाणी हवं होतं आणि जॉन म्यूरसारखे निसर्गप्रेमी ते सुंदर खोरं बुडवायला विरोध करत होते. १९१३ च्या रेकर कायद्याने शहराला परवानगी मिळाली. नॉरिस परवानगीच्या बाजूने होता, कारण कायद्यात अट होती की धरणाची वीज खासगी कंपनीला पुनर्विक्रीसाठी द्यायची नाही. खोरं बुडालं. शहराने वीज बनवली आणि ती पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या खासगी कंपनीमार्फतच लोकांपर्यंत पोचवली. ही अट मोडल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला १९४० मध्ये. अट लिहिणं एक आणि ती राबवणारी यंत्रणा उभारणं दुसरं, हा धडा नॉरिसला महाग पडला. टेनेसीच्या वेळी त्याने विजेच्या तारांपर्यंत सगळं सरकारी संस्थेच्या हातात राहील यासाठी जो हट्ट धरला, त्यामागे हेच हेचीचा अनुभव होता.

अलाबामातल्या मसल शोल्स इथे टेनेसी नदी खडकाळ उतारावरून खाली येते. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी नायट्रेट हवं म्हणून सरकारने तिथे कारखाने बांधले आणि विल्सन धरणाचं काम सुरू केलं. युद्ध संपलं आणि हा पसारा अंगावर पडला. १९२१ मध्ये हेन्री फोर्डने प्रस्ताव ठेवला: कारखाने पन्नास लाख डॉलरला द्या आणि धरणाची वीज शंभर वर्षांच्या भाडेपट्ट्याने. सरकारने घातलेल्या पैशापुढे ही रक्कम म्हणजे दक्षिणा होती. पण फोर्ड हे नाव तेव्हा देवासारखं घेतलं जाई. नदीकाठी पंच्याहत्तर मैल लांबीचं शहर वसणार अशी आवई उठली, जमिनीच्या दलालांनी ओसाड माळावर प्लॉट पाडले आणि ते दूरदूरच्या लोकांना विकले. प्रतिनिधिगृहाने १९२४ मध्ये फोर्डच्या बाजूने कौल दिला.

प्रस्ताव अडला तो सेनेटाच्या शेतकी समितीत. नॉरिस तिचा अध्यक्ष होता. खताचा आणि नायट्रेटचा विषय म्हणून मसल शोल्स शेतकी समितीकडे आलं होतं, आणि ही संधी त्याने सोडली नाही. साक्षी चालत राहिल्या, आकडेमोड चालत राहिली, कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात सरकारी वीज किती स्वस्त पडते त्याची बिलं मांडली गेली. कंटाळून फोर्डने त्याच वर्षी प्रस्ताव मागे घेतला. कॅनन जे करत तेच नॉरिसनेही केलं, हे इथे म्हटलं पाहिजे: समिती ताब्यात असलेल्या एका माणसाने सभागृहाच्या कौलाला रोखून धरलं. त्याचे चाहते हे फारसं बोलत नाहीत.

त्याचं स्वतःचं विधेयक १९२८ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, तर राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी सही न करता ते तसंच मरू दिलं. १९३१ मध्ये पुन्हा मंजूर झालं, पुढचे राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी नकाराधिकार वापरला. जानेवारी १९३३ मध्ये निर्वाचित राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट नॉरिसला बरोबर घेऊन मसल शोल्स बघायला गेले, आणि १८ मे रोजी टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीच्या, म्हणजे टीव्हीएच्या कायद्यावर सही झाली. मागणी एका धरणाची होती. मिळाली ती सात राज्यांत पसरलेल्या नदीखोऱ्याची योजना, पूर, वीज, जलवाहतूक आणि जमिनीची धूप असे सगळे विषय एकत्र घेणारी. तीन संचालकांचं मंडळ, नेमणुका राजकीय शिफारशीवर करायच्या नाहीत, वीज विकताना नगरपालिका आणि सहकारी संस्थांना प्राधान्य. ही कलमं वाचताना नॉरिसचा हात ओळखू येतो.

क्लिंच नदीवर टीव्हीएने बांधलेल्या पहिल्या धरणाला त्याचंच नाव दिलं. २६५ फूट उंचीचं नॉरिस धरण १९३६ मध्ये पुरं झालं. त्याच्या पाण्याखाली जवळजवळ तीन हजार कुटुंबांची घरं गेली. जमीनमालकांना पैसे मिळाले. खंडाने शेती करणाऱ्या कुळांच्या हाती काही पडलं नाही, आणि आसपासच्या शेतजमिनींचे भाव तोवर वाढलेले. मायकेल मॅकडॉनल्ड आणि जॉन मल्डोनी यांनी १९८२ मध्ये या विस्थापितांवर पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे त्यांची बाजू नीट पुढे आली. धरणावरच्या कामगारांसाठी नॉरिस नावाचं टुमदार आदर्श गाव वसवलं गेलं. त्यात कृष्णवर्णीयांना घर मिळत नसे. १९३४ मध्येच चार्ल्स ह्यूस्टन आणि जॉन डेव्हिस या दोघांनी ‘क्रायसिस’ मासिकात टीव्हीएच्या या गोरेपणावर कडक लेख लिहिला होता. नॉरिसने कायदा करताना खासगी कंपन्यांसाठी एकही फट ठेवली नव्हती. खोऱ्यातल्या माणसांत लाभ कसा वाटला जाईल, ते मात्र त्याने स्थानिक रिवाजावर सोडलं.

या योजनेचे पडसाद लवकरच भारतात उमटले. १९४३ च्या दामोदरच्या पुरानंतर टीव्हीएतले अभियंते डब्ल्यू. एल. व्हूर्डुइन यांना बोलावून खोऱ्याचा आराखडा करून घेतला गेला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं आणि त्यासोबत पाणी-वीज हे विषय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. बंगाल आणि बिहार या दोन प्रांतांना एका टेबलावर बसवून, नदी प्रांताच्या हद्दी ओळखत नाही हे त्यांना पटवण्याचं काम १९४५ च्या परिषदांमध्ये त्यांनी केलं. दामोदर व्हॅली कॉर्पोरेशनचा कायदा १९४८ मध्ये झाला, रचना टीव्हीएच्या धर्तीवर. व्हूर्डुइन यांच्या आराखड्यातली सगळी धरणं काही बांधली गेली नाहीत. तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही चार झाली. सगळे विषय हाती असलेलं आणि प्रांतांपासून स्वायत्त असं मंडळ टेनेसीत उभं राहिलं तसं इथे राहिलं नाही, कारण दोन्ही राज्य सरकारं आपला अधिकार सोडायला फारशी तयार नव्हती. विस्थापितांचा प्रश्न तेवढा तिथून इथे जसाच्या तसा आला.

कामगारांच्या बाबतीत नॉरिसची पद्धत सर्वांत स्वच्छ दिसते. त्या काळी संप सुरू झाला की मालक न्यायालयात धाव घेई, आणि कामगारांची बाजू न ऐकताच मनाई हुकूम निघे. संघटनेत जाणार नाही असं नोकरीला लागताना लिहून घेत, त्याला ‘यलो डॉग’ करार म्हणत, आणि १९१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे करार उचलून धरले होते. १९१४ च्या क्लेटन कायद्याने कामगारांना दिलेलं संरक्षणही न्यायालयांनी अर्थ लावता लावता पुसून टाकलं. नॉरिस तेव्हा सेनेटाच्या न्याय समितीचा प्रमुख होता. फेलिक्स फ्रँकफर्टर आणि इतर कायदेपंडितांना बसवून त्याने असा मसुदा करून घेतला की न्यायाधीशांना अर्थ लावायला वाव फार कमी राहावा. कामगारांना अमुक हक्क आहे, एवढं म्हणून तो थांबला नाही. संघराज्याच्या न्यायालयांना अशा वादांत मनाई हुकूम काढण्याचा अधिकारच बहुतेक ठिकाणी उरू दिला नाही. न्यूयॉर्कचा वकील-प्रतिनिधी फिओरेलो ला गार्डिया दुसऱ्या सभागृहात जोडीला होता. सेनेटात ७५ विरुद्ध ५ मतं पडली आणि मार्च १९३२ मध्ये हूवर यांनी, फारशा उत्साहाने नव्हे, सही केली. त्याआधी १९३० मध्ये हूवर यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलेले जॉन पार्कर सेनेटाने ४१ विरुद्ध ३९ मतांनी नाकारले होते. ‘यलो डॉग’ करार मानणारा त्यांचा निकाल कामगार संघटनांना खुपत होता, कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराविरुद्धचं त्यांचं जुनं भाषण एनएएसीपी या संघटनेला. नॉरिसने दोघांचाही उपयोग करून घेतला.

विसाव्या घटनादुरुस्तीची जन्मकथा गमतीची आहे. नोव्हेंबरात पडलेले सदस्य ४ मार्चपर्यंत कायदे करत बसायचे, आणि नवीन निवडून आलेल्यांना पुढच्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंत, तेरा महिने, काम नसायचं. १९२२ मध्ये एका सेनेटराने ठराव आणला की पराभूतांनी महत्त्वाच्या मतदानात भाग घेऊ नये. सेनेटाने तो थट्टेवारी शेतकी समितीकडे पाठवला. नॉरिसने तो गंभीरपणे घेतला आणि शेतकी समितीतून चक्क घटनादुरुस्ती बाहेर आली! सेनेट ती पुन्हा पुन्हा मंजूर करी, प्रतिनिधिगृहातले नेते ती दाबून ठेवत. जानेवारी १९३३ मध्ये ती राज्यांनी मान्य केली, पण त्या हिवाळ्यापुरता उशीर झालाच. जुना राष्ट्राध्यक्ष हतबल आणि नवा अधिकाराविना असताना देशभर बँका बंद पडत गेल्या. २० जानेवारीला पहिला शपथविधी झाला तो १९३७ मध्ये.

त्याच महिन्यात नेब्रास्कात त्याचा सर्वांत धाडसी प्रयोग सुरू झाला. राज्याच्या विधिमंडळाची दोन सभागृहं मोडून एकच करायचं आणि उमेदवारांच्या नावापुढे पक्षच लिहायचा नाही. दोन सभागृहं एकमेकांवर नजर ठेवतात, हा पाठ नॉरिसला मान्य नव्हता. तो म्हणे, मतभेद झाला की दोन्हीकडचे चार-सहा जण बंद खोलीत बसतात, तेच खरं तिसरं सभागृह, तिथे काय ठरलं आणि कोणी ठरवलं हे मतदाराला कधीच कळत नाही. १९३४ मध्ये सत्तरी ओलांडलेला हा म्हातारा गावोगाव मोटार पळवत सभा घेत होता. बहुतेक वर्तमानपत्रं विरोधात. तरी २,८६,०८६ विरुद्ध १,९३,१५२ मतांनी सुधारणा झाली. त्याच मतपत्रिकेवर दारूबंदी उठवण्याचा आणि घोड्यांच्या शर्यतींवरच्या पैजांचाही प्रश्न होता, त्याने मतदारांना बाहेर काढलं असं म्हणतात. स्वतः दारूबंदीवाल्या नॉरिसला ही मदत कशी वाटली असेल कोण जाणे.

१३३ सदस्यांच्या जागी ४३ आले, आज ४९ आहेत. प्रत्येक विधेयकावर जाहीर सुनावणी होते. पक्ष कागदावर नसला तरी कोण कोणाचा हे सगळ्यांना ठाऊक असतं. आणि दुसऱ्या कोणत्याही राज्याने हे अनुकरण अजून केलेलं नाही. विजेच्या बाबतीतही तसंच: सगळी वीज सार्वजनिक किंवा सहकारी संस्थांकडून घेणारं नेब्रास्का हे एकटंच राज्य. १९३६ च्या नॉरिस-रेबर्न कायद्याने ग्रामीण विद्युतीकरणाला कायमचा आधार दिला तेव्हा अमेरिकेतल्या दहातल्या जेमतेम एका शेतघरात वीज होती, वीस वर्षांत ती दहातल्या नऊंहून अधिक घरांत पोचली. हा भाग देशाने उचलला. एकसदनी विधिमंडळ उचललं नाही.

पक्षाशी त्याचं कधी जमलं नाही. १९२८ मध्ये त्याने डेमोक्रॅट आल स्मिथला, १९३२ मध्ये रूझवेल्टना पाठिंबा दिला. १९३० च्या पक्षांतर्गत निवडणुकीत त्याला पाडण्यासाठी विरोधकांनी ब्रोकन बो गावचा एक किराणा दुकानदार उभा केला, त्याचंही नाव जॉर्ज नॉरिस. मतदार दोघांत घोटाळले असते, मत कोणालाच मोजता आलं नसतं. दुकानदाराचा अर्ज टपालात उशिरा पोचला म्हणून न्यायालयाने तो बाद केला, आणि पुढे खोटी साक्ष दिल्याबद्दल त्याला शिक्षा झाली. तारीख सेनेटर नॉरिसच्या आणखी एकदा कामी आली. १९३६ मध्ये तो अपक्ष म्हणून जिंकला. १९४२ मध्ये एक्क्याऐंशीव्या वर्षी पुन्हा उभा राहिला आणि केनेथ व्हेरी या रिपब्लिकनाने त्याला हरवलं. मॅककुक या गावी परतून त्याने आत्मचरित्र सांगितलं आणि सप्टेंबर १९४४ मध्ये तो वारला.

१९५७ मध्ये सेनेटाच्या एका समितीने सेनेटाच्या इतिहासातले पाच थोर सेनेटर निवडले, समितीचे अध्यक्ष जॉन केनेडी. नॉरिसवर एक प्रकरण असलेल्या पुस्तकासाठी त्यांना त्याच वर्षी पुलित्झर मिळालं. दीडशेहून अधिक अभ्यासकांना विचारलं, तर नॉरिस पहिला आला. पण समितीची निवड एकमताने व्हायची होती आणि नेब्रास्काच्या दोन्ही रिपब्लिकन सेनेटरांनी हरकत घेतली. क्ले, वेबस्टर, कॅल्हून, ला फॉलेट आणि टॅफ्ट यांची चित्रं सेनेटाच्या स्वागतकक्षात लागली. २००४ मध्ये व्हँडेनबर्ग आणि वॅग्नर या दोघांची भर पडली. त्या वेळीही नॉरिसचा नंबर लागला नाही.